घाट चढण्याआधी

श्रोतेहो, मी महाबळेश्वरचा. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी इतकं कोसळतं की त्याचं कौतुक उरत नाही; पण पोहता मात्र मला येत नाही. तरी पंचावन्नी उलटल्यावर, गेल्या वर्षी फेब्रुवारीत, मुलाच्या हट्टापायी मालवणच्या समुद्रात बुडी मारून आलो. स्कूबा डायव्हिंग म्हणतात ते.

सिंधुदुर्ग किल्ला १६६४ साली ज्या कुरटे बेटावर बांधायला घेतला, त्याच्या आसपासच्या खडकांवर पोवळी आहेत. १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे. तिथं होडीनं नेतात, पाठीवर हवेची टाकी बांधतात, तोंडात नळी देतात. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक धरून नेतो. त्यानं दोनच गोष्टी बजावल्या : श्वास रोखायचा नाही आणि कान दडपले की नाक चिमटीत धरून फुंकायचं.

सात-आठ मीटर खाली गेलो. पट्ट्यापट्ट्यांचे मासे अगदी काचेला येऊन भिडत होते. मी खूश होऊन अंगठा वर केला, तर प्रशिक्षक मला वरच काढायला लागला! पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. 'छान' म्हणायला बोटांचं वर्तुळ करायचं असतं. जन्मभर शब्दांत वावरलेल्या माणसाची ही फजिती.

होडीत बसल्यावर त्या पोरानं विचारलं, "काका, गाव कुठलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग आज घर गाठू नका. निदान बारा तास घाट चढायचा नाही."

मला वाटलं, हे विमानासाठी असतं. पण महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी. पाण्याखाली दाब वाढतो, दहा मीटरवर दुप्पट होतो, आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. लगेच उंचावर गेलं तर सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे व्हायची भीती. उथळ बुडीत धोका कमी, पण नियम तोच.

आम्हाला घाई नव्हतीच. पण दुपारी चारला फोन आला : फुफी गेली. अम्मीनंतर मला जिनं वाढवलं, ती. सकाळी फजरच्या नमाजानंतर दफन.

मुलगा म्हणाला, "अब्बा, फोंडा घाटानं कोल्हापूर, तिथून सातारा. रात्रीच पोचू." बुडी त्यानंही मारली होती, गाडीही तोच चालवणार. मी प्रशिक्षकाला फोन लावला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, खालून जा. कोकणातनं पोलादपूर. मधले घाट फार उंच नाहीत. आंबेनळी शेवटी चढा, तोवर बारा तास उलटलेले असतील."

वाटेत आतेभावाचे चार फोन. "कुठं आहेस? कोल्हापूर सोडलं का?" मी म्हणायचो, येतोय. फुफीची मय्यत घरात असताना मी सकाळी मासे बघत होतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

पोलादपूरला रात्री दोन वाजले. आमच्याच डोंगरातून उतरलेली सावित्री तिथं अंधारात होती. अकरा वाजता संपलेल्या बुडीला पंधरा तास झाले होते. तरीही मी मुलाला म्हटलं, चहा घेऊ. खरं सांगायचं तर घाटाकडे बघून माझे पाय गार पडले होते. वळणावळणाला मी कोपर आणि गुडघे चाचपत होतो. सांधे दुखणं हे त्या दुखण्याचं लक्षण, असं ऐकलं होतं. दुखलं काही नाही.

साडेतीनला घरी पोचलो. फुफीचा चेहरा बघायला मिळाला, सकाळी तीन मुठी मातीही देता आली. कब्रस्तानातून परतताना आतेभावानं विचारलं, "उलट्या बाजूनं, पोलादपूरवरून का आलास?" मी म्हटलं, कोल्हापूरकडे रस्ता खराब होता.

तो रेडिओ रोज ऐकतो.