आधी कापड बघ, मग नक्षी

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला 'महिला आणि स्वयंरोजगार' असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय माझ्या पिशवीत मावत नाही. माझ्या पिशवीत एक गोधडी आहे, तिच्याबद्दल बोलते.

मी मिरजेची. आमच्या मोहल्ल्यात आम्ही दहा-बाराजणी दुपारी एकत्र बसून गोधड्या शिवतो. हे काम मी नानीकडून शिकले. घरात दखनी, शाळेत मराठी, असं आमचं चालायचं. नानी 'गोदडी' म्हणायची, शेजारच्या काकू 'वाकळ' म्हणायच्या. पण सुट्टीत दोघी एकाच ओट्यावर, एकाच वाकळेच्या दोन टोकांना बसायच्या.

मी नऊ-दहा वर्षांची असताना वहीत एक नक्षी काढून नानीकडे नेली. मधे मोठा चांद, भोवती चांदण्या. नानीनं वही बघितली, बाजूला ठेवली आणि चिंध्यांचं बोचकं माझ्यासमोर उलटं केलं. म्हणाली, "पैले कपडा देख, बाद में नकशा सोच." बोचक्यात होतं काय? अब्बांच्या लुंग्या, अम्मीचा विटलेला दुपट्टा, काकूंच्या लुगड्याचा काठ, शिंप्याकडून आणलेले ब्लाउजपीसचे तुकडे. चांदासाठी लागेल एवढा पांढरा तुकडा त्यात नव्हताच.

कापड बघायचं म्हणजे नुसता रंग बघायचा नाही. तुकडा बोटांनी ताणायचा. विरलेलं सुती आणि नवंकोरं टेरिकॉट शेजारी शिवलं, तर दोन धुण्यांत सुती फाटतं आणि टेरिकॉट तसंच राहतं. नवा तुकडा आधी भिजवून, धुऊन, वाळवून घ्यायचा, नाहीतर तो आटतो किंवा त्याचा रंग शेजाऱ्याला लागतो. मग अस्तराची साडी जमिनीवर ताणून पसरायची, तिच्यावर जुन्या कापडाचे थर आणि सगळ्यांत वर तुकडे मांडायचे. लगेच शिवायला बसायचं नाही. दोन पायऱ्या वर चढून, डोळे बारीक करून बघायचं. गडद तुकडे एकाच कोपऱ्यात गोळा झालेले लांबून लगेच दिसतात. तेव्हा कुठे नक्षी ठरते.

तुम्ही म्हणाल, हे सगळ्यांच्याच आजीनं सांगितलेलं असतं. मलाही तसंच वाटायचं. पुढे मी सिद्दी बायकांच्या गोधड्या पाहिल्या. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले. त्यांच्यातले काहीजण पळून घाटातल्या जंगलात आले. मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतात, या बायका भेटत नाहीत. त्यांच्या समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं.

सिद्दींमध्ये मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. गोधडी तिघांचीही जवळपास सारखीच. कडेपासून शिवायला सुरुवात करायची आणि गोल फिरत फिरत मधे यायचं. कुणी ख्रिस्ती बाई एखादा क्रॉस लावते, कुणी मुसलमान बाई चंद्रकोर लावते, पुष्कळजणी काहीच लावत नाहीत. पण चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचं तिकोनी फूल मात्र हवंच. त्याला त्या 'फुला' म्हणतात. ते नसलं तर गोधडी नागडी राहिली, असं त्यांच्यात मानतात.

आता माझी एक चूक सांगते. खरं तर त्यासाठीच आज आले.

मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराची आम्हाला ऑर्डर आली. बारा गोधड्या, पैसे चांगले. अट एवढीच, की नक्षी 'मुस्लिम थीम'ची पाहिजे. हिरवा रंग, चांदतारा, मिनार. त्यानं कागदावर चित्र काढून पाठवलं होतं. मी फोनवरच होकार दिला आणि दुपारी बायकांना खुशखबर सांगितली.

कुणीच काही बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या खालांनी विचारलं, "हिरव्या चिंध्या आहेत कुठं?"

त्या मोसमात शिंप्यांकडून आमच्याकडे आले होते शाळेच्या गणवेशाचे निळे तुकडे आणि दिवाळीच्या ब्लाउजांचे राणी, केशरी, मोरपिशी. मी म्हटलं, हिरवं कापड विकत आणू. खाला म्हणाल्या, "म्हणजे अख्खं कापड फाडून चिंध्या करायच्या? आणि ते कशाला, तर आपण मुसलमान दिसावं म्हणून?"

मला राग आला. पैशांची गरज मला दिसत होती. एकीच्या मुलीची कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती. मी वाद घातला. मग हात वर करून मत घेतलं. जिच्या मुलीची फी होती, तिनंही नकारालाच हात वर केला. ऑर्डर गेली. फीसाठी आम्ही आपापसांत पैसे गोळा केले, ते फेडायला तिला आठ महिने लागले. म्हणून मी तुम्हाला असं सांगणार नाही, की स्वाभिमान जपला आणि सगळं छान झालं. किंमत मोजावी लागली, आणि ती मी नाही, तिनं मोजली. माझी चूक ही, की शिवणाऱ्या हातांना न विचारता मी होकार दिला. नकार असो की होकार, ठरवायचा हक्क त्यांचा होता.

बाहेरचेच आपल्याला नक्षी देतात असंही नाही. पुढच्याच गोधडीत एका मुलीनं मोर लावायला घेतला. खाला म्हणाल्या, जिवाचं चित्र नको. मुलगी म्हणाली, ही अंथरायची-पांघरायची गोधडी आहे, जानमाज नाही. दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. शेवटी खालांनी त्या चौकोनाला सुई लावली नाही. तो मुलीनं एकटीनं शिवला. बाकीच्या तीन बाजू खालांनी शिवल्या. दोघींचं मत अजून बदललेलं नाही. गोधडी पूर्ण झाली.

आता हिशेब. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी धरा. टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर अंतर. अशा ७५ ओळी होतात. प्रत्येक सात फुटांची, म्हणजे ५२५ फूट, जवळजवळ १६० मीटर धावदोरा. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी १६,००० टाके. आणि गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्या कापडाचीच तर आहे, एवढे पैसे कसले?" कापडाचे नाहीतच, ताई. टाक्यांचे आहेत. हा हिशेब मी आता कागदावर लिहून सोबत ठेवते. मुलींनो, तुम्ही शिकलेल्या आहात. आपल्या अम्मीच्या, फुप्पीच्या कामाचा असा हिशेब एकदा मांडून बघा. मुलांनो, तुम्हीसुद्धा.

तुमच्या वयात नक्षी हातात देणारे खूप भेटतात. मुसलमान म्हणजे असा दिसतो, असं टीव्ही सांगतो. चांगली मुलगी अशी वागते, असं घर सांगतं. फॉर्ममधला रकाना सांगतो, मोबाइल सांगतो. त्यातलं एखादं तुम्हाला खरंच आवडेल, ते जरूर घ्या. मलाही चांद आवडायचा, अजून आवडतो. पण आधी आपलं बोचकं उलटं करून बघा. त्यात लुंगी असेल, काकूंच्या लुगड्याचा काठ असेल, दखनी असेल, मराठी असेल. ते फेकून देऊन नवं हिरवं कापड फाडत बसू नका.

घरी गेल्यावर एक काम करा. घरातली सगळ्यांत जुनी गोधडी काढा आणि जिनं शिवली ती असेल, तर तिच्याजवळ बसून एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा, हे कुणाचं? नानी गेली तेव्हा तिच्या शेवटच्या गोधडीतले चार तुकडे कुणाचे, हे मी विचारलेलंच नव्हतं. आता सांगणारं कुणी नाही.

ही तीच गोधडी. मागे बसलेल्यांपर्यंत जाऊ द्या. हात लावा, संकोच करू नका. आणि उलटी करून बघा, टाके मागच्या बाजूनं जास्त नीट दिसतात.