कादंबरीतील गाव आणि कार्यालयातील गाव



शासनाच्या कोणत्याही कार्यालयात गावाविषयीची माहिती विपुल असते. लोकसंख्या, लागवडीखालील क्षेत्र, विहिरींची संख्या, शाळेचा पट, करवसुलीची टक्केवारी हे सर्व रकान्यारकान्यांत नोंदलेले असते. ही माहिती आवश्यकच आहे. तिच्यावाचून एकही योजना उभी राहू शकत नाही. तथापि, ज्या निर्णयावर कार्यालयात सही झाली तो निर्णय माणसाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचेतो त्याचे रूप काय झाले, घरातील बोलण्याचालण्यात त्याचे पडसाद कसे उमटले, यासाठीचा रकाना कोणत्याही नमुन्यात आढळत नाही. हे काम साहित्याकडे, त्यातही विशेषेकरून कादंबरीकडे येते. गेल्या तीन-साडेतीन दशकांतील मराठी कादंबरीने ते निष्ठेने केले आहे. त्यांपैकी पाच कादंबऱ्यांचा विचार आज येथे करावयाचा आहे.

येथे मांडलेली मते समीक्षकाच्या अधिकाराने मांडलेली नाहीत. ती वाचकाची मते आहेत. त्यांच्याशी कोणाचा मतभेद झाला आणि त्या निमित्ताने ते पुस्तक पुन्हा हाती घेतले गेले, तर तोही लाभच मानावा लागेल.

धरणाच्या पाण्याखाली गेलेले गाव

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. विषय धरणग्रस्तांचा. महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला, १९८६ साली नवा केला आणि १९९९ साली पुन्हा नव्याने केला. म्हणजे या प्रश्नाची जाणीव राज्यकर्त्यांना नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रश्न अंमलबजावणीचा होता, आणि कादंबरी नेमकी तेथेच बोट ठेवते. लेखक स्वतः प्रशासकीय सेवेत होते. साहजिकच संपादनाची नोटीस, मोबदल्याचा निवाडा, लाभक्षेत्रातील जमिनीचे वाटप हे शब्द तिच्यात ऐकीव माहितीसारखे येत नाहीत. त्यांना कामाच्या टेबलाचा वास आहे.

या कादंबरीच्या केंद्रस्थानी खैरमोडे गुरुजी आहेत, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. सरळमार्गाने चालणारा आणि कायद्यावर विश्वास ठेवणारा हा शिक्षक विस्थापितांच्या बाजूने उभा राहतो आणि पावलोपावली ठेचाळतो. त्याची शोकांतिका वाचताना डोळे पाणावतात, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सज्जन माणसाचा व्यवस्थेवरील विश्वास उडणे हीदेखील एक राष्ट्रीय हानीच आहे, हे तेथे उमगते.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. सत्ताधारी आणि अधिकारी यांच्या चित्रणात काळा रंग फार सढळ हाताने वापरला गेला आहे. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या अधिकाऱ्याने हे पुस्तक वाचले, तर ‘आम्ही सगळेच का असे?’ हा प्रश्न त्याच्या मनात येईल आणि तो रास्तही आहे. परंतु त्या रागापायी पुस्तक मिटून ठेवणे शहाणपणाचे होणार नाही. वाईट माणसांनी वाईट कृत्ये केली हे या कादंबरीचे मर्म नव्हे. चांगल्या माणसांनी आपापल्या टेबलापुरते काम चोख केले, तरीही संपूर्ण गाव उघड्यावर पडू शकते, हे तिचे मर्म आहे.

एका म्हशीचा प्रश्न

याच विषयावरील दुसरी कादंबरी अगदी निराळ्या वाटेने जाते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पन्हाळ्याच्या परिसरातील या लेखकाने ‘गावठाण’, ‘रौंदाळा’, ‘झड-झिंबड’, ‘धूळमाती’ या कादंबऱ्यांतून आपला मुलूख सातत्याने मांडला आहे. ‘रिंगाण’मधील देवाप्पा हा धरणासाठी उठलेल्या गावातील माणूस. गाव हलले, पण म्हैस मागे राहिली. तिला आणण्यासाठी तो पुन्हा त्या ओसाड जागी जातो. तोवर ती म्हैस रानाची झालेली असते. कथानक म्हणून सांगावयाचे तर एवढेच.

पुनर्वसनाच्या कागदांत जमीन, घर, विहीर, झाडे यांचे मूल्य ठरविले जाते. नव्या गावठाणात रस्ते, शाळा, पिण्याचे पाणी, स्मशानभूमी यांची तरतूद होते. परंतु माणूस आणि जनावर यांच्यात पिढ्यानुपिढ्या मुरलेले नाते, रानाची ओळख, चाऱ्याच्या आणि पाणवठ्याच्या वाटा यांचे मोल कोणत्या निवाड्यात धरावयाचे? कादंबरी हा प्रश्न कोठेही उच्चारत नाही. देवाप्पा हाका मारतो आणि म्हैस त्याला ओळख देत नाही, एवढेच वाचकाला दिसते. ‘झाडाझडती’ वाचून संताप येतो. ‘रिंगाण’ वाचून माणूस अंतर्मुख होतो. दोन्हींत अधिक श्रेष्ठ कोणती असे विचारले, तर ‘रिंगाण’ला झुकते माप द्यावे लागेल, कारण तिच्यात दोष देण्यासाठी कोणी खलपुरुष उभा केलेला नाही. वाचकाला सुटकेची वाटच राहत नाही.

एक अडचण मात्र नमूद केली पाहिजे. या कादंबरीची भाषा कोल्हापूरकडील बोलीत खोल रुजलेली आहे आणि तिची गती संथ आहे. नागपूर किंवा नाशिककडील वाचकाला पहिली वीस-पंचवीस पाने जड जातील. तेवढा धीर धरणे इष्ट ठरेल.

बारा महिन्यांचा हिशेब

सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ साली आली. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. बुलढाण्याकडील वऱ्हाडी मुलखातील एका शेतकरी कुटुंबाची ही कथा. एकनाथ शिकलेला आहे, शिक्षकाच्या नोकरीची पात्रता त्याच्याजवळ आहे. पण नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा त्याच्या घरात नाही. शेतीकडे परतावे, तर तेथे बियाण्यापासून बाजारभावापर्यंत प्रत्येक टप्प्यावर तूट आहे. वडील सुभानराव, आई शेवंतामाय, धाकटा भाऊ मधू आणि पत्नी अलका, या प्रत्येकाच्या वाट्याला ती तूट निरनिराळ्या रूपाने येते.

या कादंबरीतील अलकेविषयी वाचकांत बहुधा नाराजीचा सूर उमटतो. तिला शेतातले घर रुचत नाही, ती सतत कुरकुरते, असे म्हटले जाते. हे मत एकांगी वाटते. शिकलेल्या, उद्या नोकरीला लागणाऱ्या मुलाशी आपला संसार होणार या आशेवर ती त्या घरात आली. ती आशा फोल ठरली, यात तिचा अपराध कोणता? एकनाथची कोंडी लेखकाने सविस्तर उलगडली आहे; अलकेची कोंडी मात्र वाचकाला ओळींच्या मागे जाऊन शोधावी लागते. कादंबरीची ही उणीव म्हणता येईल. काही ठिकाणी पात्रांच्या तोंडची वाक्येही भाषणासारखी होतात.

तरीसुद्धा ‘बारोमास’चे मोल मोठे आहे आणि त्याचे एक कारण कालानुक्रमात दडलेले आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर बुलढाण्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारचे विशेष साहाय्य जाहीर झाले ते २००६ साली. कादंबरी त्यापूर्वी चार वर्षे बाजारात होती. कर्जाची रक्कम किती, एवढ्यावरून न कळणारी गोष्ट तिने आधीच सांगितली होती: माणूस खचतो तो एका रात्रीत खचत नाही. लग्नसमारंभात होणारा पाणउतारा, दुकानदाराच्या बदललेल्या बोलण्यातील उधारीची आठवण, शिकलेल्या मुलाकडे पाहून बापाने टाकलेला सुस्कारा अशा बारीकसारीक गोष्टींनी तो वर्षानुवर्षे झिजत असतो. कृषी, सहकार वा महसूल खात्यात नव्याने रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्याला ही जाण असेल, तर समोर आलेल्या अर्जदाराशी तो निश्चितच वेगळ्या स्वरात बोलेल.

‘ब्र’ काढणाऱ्या स्त्रिया

पंचायत सदस्यांनी, त्यातही महिला सदस्यांनी, आवर्जून वाचावी अशी कादंबरी म्हणजे कविता महाजन यांची ‘ब्र’. ती २००५ साली प्रकाशित झाली. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. संख्येच्या दृष्टीने ही क्रांतीच होय. पण खुर्चीवर बसलेल्या स्त्रीला बोलू दिले जाते का, हा प्रश्न संख्येने सुटत नाही. तोंडातून ‘ब्र’ काढू न देणे या आपल्या वाक्प्रचारातील एकच अक्षर लेखिकेने शीर्षकासाठी निवडले, यातच तिचा रोख स्पष्ट होतो.

घरात सोसलेल्या छळातून बाहेर पडलेली प्रफुल्ला एका स्वयंसेवी संस्थेच्या कामाला लागते आणि आदिवासी भागातील लोकप्रतिनिधी स्त्रियांना भेटत जाते. तिच्याजवळ प्रश्नावली असते. पण समोरच्या बायांच्या हकिगती प्रश्नावलीत मावत नाहीत. सही कोठे करावयाची एवढेच सांगितले गेलेली सरपंच, अविश्वास ठरावाच्या धाकाखाली वावरणारी स्त्री, बैठकीची नोटीसच न मिळणारी सदस्या, या सर्व गोष्टी पंचायतीच्या कारभारात वावरणाऱ्यांना अपरिचित नाहीत. या अंधाऱ्या चित्रातही रेशनच्या, पाण्याच्या किंवा दारूच्या प्रश्नावर अडून बसणाऱ्या बाया भेटतात आणि त्या कोणाच्या दयेने उभ्या राहिलेल्या नसतात. लेखिकेने स्वयंसेवी संस्थांच्या अंतर्गत राजकारणालाही सोडलेले नाही, हा तिचा निःपक्षपातीपणा उल्लेखनीय आहे.

प्रसंगांची गर्दी ही या कादंबरीची मर्यादा. एक हकिगत मनात ठसते न ठसते तोच दुसरी सुरू होते आणि प्रफुल्लेची स्वतःची कहाणी व इतर स्त्रियांच्या कहाण्या यांचा सांधा प्रत्येक वेळी जुळतोच असे नाही. पण हे लेखन अहवालाच्या इतके जवळ जाऊनही अहवाल बनत नाही, याचे श्रेय द्यावयास हवे. कविता महाजन यांचे २०१८ साली अकाली निधन झाले. त्यांच्या कादंबरीने उभा केलेला प्रश्न अद्याप निकाली निघालेला नाही. पत्नीच्या नावे पतीने चालविलेला कारभार ज्या गावात आजही खपवून घेतला जातो, त्या गावाने हे पुस्तक मोठ्याने वाचावे.

उद्याची चिंता

पाचवी कादंबरी भविष्यकाळाची आहे. नंदा खरे यांची ‘उद्या’ २०१४ साली आली. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला, परंतु समाजाकडून आपल्याला पुरेसे मिळाले आहे, अशा भूमिकेतून त्यांनी तो विनयाने नाकारला. पेशाने स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाचे २०२२ साली निधन झाले. माणसाच्या प्रत्येक हालचालीची कोठेतरी नोंद होत आहे आणि समाजात मुलींची संख्या घटलेली आहे, असा जवळचाच उद्या त्यांनी कल्पिला. ही कल्पना हवेतील नव्हती. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. या आकड्यांकडे पाहून सुन्न होणे आणि त्या आकड्यांच्या समाजात राहणे या दोहोंतील अंतर ‘उद्या’ मिटवते. तिच्यातील तांत्रिक चर्चा वाचकाची दमछाक करते, हे मान्य करूनही तिचे वाचन टाळू नये.

वाचनाची रीत

या पाचही पुस्तकांविषयी एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. कादंबरी हा पुरावा नव्हे. तिच्या आधारे कोणावर ठपका ठेवता येत नाही आणि तिच्यातील एका गावावरून साऱ्या राज्याचा निष्कर्ष काढता येत नाही. लेखक निवड करतो, रंग गडद करतो, काही गाळतो. परंतु आकडेवारीही निवड करीतच असते. तिच्यातही काही गाळलेले असतेच. म्हणून दोहोंचे वाचन शेजारी ठेवून व्हावे. पुनर्वसनाचा प्रस्ताव तयार करणाऱ्याने ‘रिंगाण’ वाचले म्हणून नियम बदलणार नाहीत. मात्र स्थळपाहणीच्या वेळी गुरे चारणाऱ्या म्हाताऱ्यालाही दोन प्रश्न विचारावेत, हे त्याला सुचेल. ग्रामसभेच्या इतिवृत्तावर सही घेताना ‘ब्र’ वाचलेला सचिव सरपंचबाईंना ते आधी वाचून दाखवील.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावी शासनमान्य ग्रंथालये उभी आहेत. या कादंबऱ्या महाग असल्याची तक्रार तेथे दूर होऊ शकते. ज्या शाळेत महिन्यातून एकदा शिक्षकांची बैठक होते, तेथे अर्धा तास एका पुस्तकासाठी राखून ठेवता येईल. पंचायतीच्या सदस्यांनी गावच्या ग्रंथालयाच्या मागणीयादीत यंदा यांपैकी किमान दोन नावे घालावीत आणि पुस्तके आल्यावर पहिले वाचक आपणच व्हावे, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पूर्ण होत आहे.