गव्हाच्या टक्क्यामागचा हिशोब



वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. माल मोजूनमापूनच दाराबाहेर जातो, ही शिस्त इथल्या कामगारांच्या अंगवळणी पडलेली आहे. गव्हातले प्रथिन मोजणे मात्र तितके सरळ नाही.

मैद्याचा घट्ट गोळा भिजवून अर्धा तास ठेवावा, मग नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहावे. आधी दुधासारखे पाणी येते, ते स्टार्चचे. पाणी निवळले की तळहातावर करडा, रबरासारखा चिवट गोळा उरतो. कणीक घेतली तर त्यात कोंड्याचे कण अडकून बसतात. हेच ग्लुटेन, म्हणजे गव्हातले प्रथिन; पोळी न फाटता लाटली जाते ती याच्या जोरावर. इटलीत बेक्कारी यांनी अठराव्या शतकात ते असेच धुऊन वेगळे केले होते.

1883 साली डेन्मार्कच्या केल्डाल यांनी नायट्रोजन मोजून प्रथिनाचा आकडा काढण्याची वाट दाखवली. पीठ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचे, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून मोजायचा आणि गव्हासाठी 5.7 ने गुणायचे. 2 टक्के नायट्रोजन म्हणजे 11.4 टक्के प्रथिन. तोच नमुना इतर अन्नपदार्थांच्या 6.25 या गुणकाने मांडला, तर 12.5 टक्के होतो! शिवाय ही पद्धत नायट्रोजन मोजते. तो प्रथिनाचाच आहे का, हे विचारत नाही. 2007 साली अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन सापडले. नायट्रोजन भरपूर असलेल्या त्या भेसळीने टक्का फुगवला आणि मुकी जनावरे दगावली.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या एमएसीएस 4028 या बन्सी वाणात 14.7 टक्के प्रथिन आहे. बन्सी गव्हाचे ग्लुटेन शेवया-पास्त्याला उत्तम, पावाला मात्र कमी लवचीक. हा फरक नुसत्या टक्क्यात दिसत नाही. त्यासाठी जेलवर विजेच्या प्रवाहाने ग्लुटेनमधल्या ग्लुटेनिन या प्रथिनाचे घटक वेगळे करून त्यांच्या पट्ट्या वाचाव्या लागतात. लहान प्रयोगशाळेला निदान सेडिमेंटेशन चाचणी परवडते. उभ्या नळीत पिठाचा साका किती उंच बसतो, तेवढे पाहायचे.

म्हणून इथे जमलेल्या शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि गिरणीमालकांना स्वागत समितीची एकच विनंती: आपल्या अहवालात प्रथिनाच्या टक्क्याशेजारी पद्धत, गुणक आणि नमुन्यातला ओलावा न चुकता लिहावा.