छडी गेल्यानंतरची शाळा



2009 सालच्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या 16व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास, आणि 17व्या कलमाने त्यास शारीरिक शिक्षा अथवा मानसिक जाच करण्यास मज्जाव केला, तेव्हा छडी आणि दाखला ही शिक्षकाच्या भात्यातील दोन्ही अस्त्रे एकदमच काढून घेतली गेली. परंतु त्यांच्या जागी काय यावे, याचा खल पुष्कळ शाळांतून अद्यापि झालेला नाही. द्वाड मुलगा ही त्या त्या वर्गशिक्षकाची खाजगी आपत्ती, ती त्याने आपली निस्तरावी, असाच इतरांचा समज असतो.

समजा, सातवीतला एक मुलगा गणिताच्या तासाला मुकाट्याने उदाहरणे सोडवतो. भाषेच्या तासाला मात्र, प्रकट वाचनाची पाळी आपल्या बाकापाशी येऊ लागली की, तो शेजाऱ्यास चिमटा काढतो, कंपासपेटी आपटतो, आणि बाईंनी वर्गाबाहेर काढताच व्हरांड्यात खुशाल उभा राहतो. त्याला जोडाक्षरे लागत नाहीत. साऱ्या वर्गादेखत हसे होण्यापेक्षा बाहेर उभे राहणे त्याला पत्करते. बाई देतात ती शिक्षा, त्याला मिळते ती सुटका! हे उमगावयाचे, तर गणिताचे गुरुजी, भाषेच्या बाई आणि कोणता मुलगा उपाशी येतो हे बिनचूक ओळखणारे फाटकावरचे शिपाईमामा, या तिघांनी एकत्र बसून, गडबडीच्या आधी काय घडले व नंतर मुलाच्या पदरात काय पडले, याचा ताळा घेतला पाहिजे. मूल, घर आणि शाळा यांचा असा एकत्रित विचार आपल्याकडे नवा नाही. टाटांच्या समाजकार्य-विद्यालयाने 1937 सालीच मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते.

अडचण वेळेची आहे, हे मी जाणतो. तासिकांच्या वेळापत्रकात या विचारविनिमयास जागा नसेल, तर वरून आलेले परिपत्रक दप्तरी दाखल होऊन तेथेच राहील. शनिवारी शाळा सुटल्यावरचा अर्धा तास मुख्याध्यापकांनी यासाठी राखून ठेवावा. कारकून आणि शिपाई यांनाही बोलवावे. चारच नियम ठरवावेत, पण ते कवायतीच्या मैदानापासून प्रयोगशाळेपर्यंत सर्वांनी सारखेच पाळावेत. सभेतील टिपणे एका जबाबदार शिक्षकाच्या कपाटात राहावीत. दाखल्यावरील ‘वर्तणूक’ या रकान्यात त्यांतले अक्षरही उतरता कामा नये.

आणखी एक. प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षे ‘स्वभाव शांत’ असा शेरा मिळवणारी, मधल्या सुटीत एकटीच डबा उघडून तसाच मिटणारी मुलगी कोणाच्याही तक्रारीत येत नाही; तेव्हा या महिन्यात ज्यांच्याशी आपल्यापैकी कोणीच बोललेले नाही अशी मुले कोणती, ही विचारणा सभेत प्रथम व्हावी, आणि दंगेखोरांचा विषय त्यानंतर निघावा.