संशोधनाला दाते हवेत



तापीकाठच्या या बहुभाषक बुऱ्हाणपूर शहरात मराठी साहित्याच्या मंचावर अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आज मी दानाविषयी बोलणार आहे. आरोग्याच्या आणि समाजाच्या प्रश्नांवर विद्यापीठांत जे संशोधन होते, त्यामागे समाजाने आपला पैसा उभा केला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आधी अभ्यास आणि मग खर्च, ही रीत बुऱ्हाणपूरला जुनी आहे. अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, एका इराणी भूजलतज्ज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी हेरले आणि मगच कुंडी भंडाऱ्याच्या विहिरी व बोगदे खोदले गेले.

१९५६ पर्यंत आपल्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्या प्रांताने दोन थोर दाते पाहिले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठासाठी मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. डॉ. हरिसिंग गौर यांनी वकिलीच्या कमाईतले २० लाख रुपये घालून १९४६ मध्ये सागर विद्यापीठ स्थापन केले.

आरोग्याचे उदाहरण मुंबईचे आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजी टाटाही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथे खाटांइतकेच महत्त्व प्रयोगशाळेलाही मिळाले. ती डॉ. वसंत खानोलकरांनी घडवली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पान-तंबाखू चघळणाऱ्या या देशाला अशा चिकाटीच्या नोंदींनीच धोक्याची जाणीव करून दिली. पुढे खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

समाजाच्या प्रश्नांचे उदाहरण पुण्याचे. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांनी तिला वळण लावले. त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने भारतातील दारिद्र्याचा अभ्यास केला. तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गरिबी मोजायची कशी व हटवायची कशी, यावर देशभर वाद झडला. काळे यांच्या देणगीनंतर चाळीस वर्षांनी आलेले हे फळ आहे. संशोधनाला दान देणाऱ्याला एवढा धीर धरावा लागतो.

आपल्याकडे देणाऱ्यांची वाण नाही. धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया आपल्याच लोकांनी उभारल्या. पण यंत्रमागावर कापसाची धूळ गिळणाऱ्या कामगाराच्या छातीचे काय होते? केळीच्या बागेत फवारणी करणाऱ्या मजुराचे काय? खकनारकडच्या कोरकू वस्त्यांतली मुले कुपोषित का राहतात? या प्रश्नांची उत्तरे शोधायला वर्षानुवर्षे तपासण्या, नोंदी आणि पगारी माणसे लागतात. सरकारी अनुदान अनेकदा मुदतीत बांधलेले असते. तिथे समाजाचा पैसा हवा.

२०२४ मध्ये निमाडात, खरगोनला, क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाले आहे. या भागातल्या व्यापाऱ्यांना, कारखानदारांना आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना माझी विनंती आहे: नावाची पाटी लावायला खोली बांधून द्याल, तर त्या खोलीत काम करणाऱ्या तरुण संशोधकाची पाच वर्षांची शिष्यवृत्तीही द्या. निष्कर्ष काय निघावा, हे मात्र सांगू नका. गैरसोयीचा निघाला तरी तो छापू द्या. विद्यापीठांनी पैशाचा हिशेब चोख ठेवावा आणि जे हाती लागले ते ज्यांची तपासणी केली त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे.

आणि लेखकमित्रांनो, ते सांगण्याचे काम आपले आहे. संशोधकांच्या शेजारी बसा, त्यांचे निष्कर्ष समजून घ्या आणि सोप्या, खऱ्या मराठीत लोकांपर्यंत पोहोचवा. आपला रुपया कुठे कामी आला हे ज्या समाजाला कळते, तो समाज पुन्हा देतो.