स्वस्त पट्टी मला महाग पडली

आज कोडिंग नाही, पोट. जेवत असाल तर पॉज करा, नंतर ऐका.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, दिवसातून दहादा पळावं लागतं, रक्त पडतं. औषधांनी हा आजार आटोक्यात राहतो, कायमचा जात नाही. डॉक्टरांनी मेसालामिन दिलं. महिन्याला 2,500 रुपयांच्या आसपास, आणि ओपीडीची औषधं माझ्या विम्यात बसत नाहीत. आठ महिने मस्त गेले. मग मी इंजिनिअरी डोकं लावलं: काही त्रासच नाही तर पैसे कशाला घालवायचे? बंद केलं. त्रास नव्हता तो गोळीमुळेच नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही.

दोन महिन्यांत रक्त परत सुरू. रिलीज तोंडावर. जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून प्रेडनिसोलोन आणलं. हे स्टेरॉइड, आणि पट्टी इतकी स्वस्त की हसू आलं. आठवड्यात रक्त थांबलं. कमी केलं की त्रास परत, म्हणून पुन्हा वाढवायचो. असे चार महिने काढले. झोप उडाली, साखर वाढली, तोंड गोल झालं. आई म्हणते, "अरे, तब्येत सुधारली की तुझी!"

शेवटी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता एकदम बंद करू नकोस." बाहेरून इतके दिवस स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. मग हळूहळू, कित्येक आठवडे घेऊन डोस उतरवला.

सध्या मेसालामिनसोबत अॅझाथायोप्रिन चालू आहे. गोळी परवडते, पण रक्ततपासण्यांचा खर्चही त्यातच धरा. एनयूडीटी15 नावाच्या जनुकातला एक बदल आशियाई लोकांत बऱ्यापैकी आढळतो. तो असेल तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक खाली जातात, केस झपाट्याने गळतात.

यानं भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं. अडालिमुमॅबचं भारतीय बायोसिमिलर 2014 मध्येच आलं. मूळ औषधापेक्षा स्वस्त, तरी खिशाला जडच. आणि ते सुरू करण्याआधी टीबीची तपासणी टाळू नका. शरीर ज्या टीएनएफच्या जोरावर झोपलेला टीबी दाबून ठेवतं, तेच हे औषध अडवतं. आपल्याकडे असा दडलेला टीबी किती जणांत असतो, विचार करा.

एकानं व्हॉइस मेसेजमध्ये विचारलं, "टोफासिटिनिबची साधी गोळी आहे ना, मग इंजेक्शन कशाला?" गोळी आहे, जेनेरिकही मिळते. पण 2021 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं हार्ट अटॅक, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरचा इशारा त्यावर लावला. तो अभ्यास संधिवाताच्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या पेशंटवर होता. तुझं वय, सिगरेट, घरातला इतिहास हे सगळं डॉक्टरांना सांग, मग ठरवा दोघं मिळून.

माझी सीबीसी गुरुवारी आहे, उपाशीपोटी जावं लागत नाही हे एक सुख. भेटू पुढच्या एपिसोडला.