आधी परमनंट व्हा!

मी मोझरीहून रोज एसटीनं जाऊन एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास घेतले तितकेच पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही, आणि नव्या सत्राला पुन्हा मुलाखत. शेजारच्या मावशी विचारतात, "एवढं शिकून अजून तासावरच हायेस काय व?"

पहिल्याच वर्षी मी मीटिंगमध्ये विचारलं, "पाहुण्यांना ओवाळायचं, चहापाणी पाहायचं, ते दरवेळी आम्हा बायकांकडेच का?" सगळे हसले. नंतर एक ज्येष्ठ सर हळूच म्हणाले, "मॅडम, आधी परमनंट व्हा, मग स्त्रीवाद करा." सल्ला काळजीपोटीच होता. मी गप्प झाले.

त्याच वर्षी सोबतच्या एका मैत्रिणीनं बाळ झाल्यावर पीएच.डी. सोडली. महिला संशोधकांना पीएच.डी.च्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते, मुदतीतही दोन वर्षांची सवलत मिळते. यूजीसीचा हा नियम मला ठाऊक होता. पण "ही पुन्हा सुरू झाली" म्हणतील, या भीतीनं मी बोलले नाही. ते आजही मनाला डाचतं.

आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. टीका झाली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही. पहिलंसुद्धा विस्मरणात गेलं होतं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. एकटी बाई बोलली की असं होतं.

म्हणून आता मी एकटी बोलत नाही. आम्ही तिघी आधी बसून ठरवतो, मग तिघींच्या सहीचा अर्ज देतो. "कार्यक्रमाची कामं सर्वांना पाळीपाळीनं द्या," एवढंच त्यात असतं. हसून उडवणं सोपं, पण अर्जाला उत्तर द्यावं लागतं. सत्राच्या पहिल्या तासाला मी मुलींना अंतर्गत तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं लिहून देते. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत करायची, तेही सांगते. हे भांडण नव्हे, हा नियम आहे.

यंदा मला पुन्हा घेतील की नाही, सांगता येत नाही. रात्री झोप उडते, खोटं कशाला बोलू? पण गप्प बसूनही नोकरी पक्की झाली नव्हतीच.

तुमच्या घरी, शेजारी कुणाची लेक, सून पीएच.डी. करत असेल, तर ते २४० दिवस तिला आजच सांगा. माझ्यासारखा उशीर करू नका.